उन्हातली तांबूस काच

"तुमची काच चुकली आहे."

लिफ्ट मध्येच बंद पडली होती. खाली पांढरा उतार, वर करडं आभाळ, आणि तारेला लटकलेल्या दोघांपुरत्या बाकड्यावर माझ्या शेजारी एक अनोळखी माणूस. इतका वेळ तो गप्प होता. बोलला ते हे.

"काय?"

"गॉगलची काच. गडद करडी लावलीय तुम्ही. ती कडक उन्हात लावतात. आज ऊन कुठाय?"

मी आभाळाकडे बघितलं नाही. त्याच्याकडेही नाही. "मी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. आणखी एकदा पडाल, एवढंच."

माझं डोकं तापायला एवढं पुरे होतं. नीट चालायला लागले त्याच्या पुढच्याच वर्षी मी बर्फावर उतरले होते. स्कीइंगच्या शर्यती खेळत होते, संघात होते. आणि त्या सकाळी खरंच दोनदा पडले होते, त्यामुळे त्याचं बोलणं जास्तच झोंबलं.

"तुम्ही लोकांना पडताना बघायला येता का इथे?"

"लिफ्टची रांग मोठी होती. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं."

मी मान फिरवली. वारा सुटला, बाकडं हललं, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. तो सरकला. सरकायला जागाच नव्हती, तरी सरकला.

"ढगांतून उजेड सगळीकडून सारखा येतो," तो म्हणाला, जणू मीच विचारलं होतं. "सावली पडत नाही. सावली नाही म्हणजे खड्डा दिसत नाही, उंचवटा दिसत नाही. धुतलेली चादर अंथरल्यासारखं सगळं सपाट. त्यात गडद काच लावायची म्हणजे..." त्याने खिशातून मऊ कापडाची पिशवी काढली. "ही गुलाबी. लावून बघा."

"परक्या माणसाची?"

"काचेला नातं लागत नाही."

मला हसू आलं, म्हणून मी ओठ आवळले. बोटं गारठली होती. जुनी काच निघाली, नवी टक् आवाज करून बसली. मी खाली बघितलं... आणि उतार वर आला. चर, ढेकळं, वाऱ्याने पाडलेल्या बारीक लाटा. सगळं मघापासून तिथेच होतं, आणि मी त्यावरून आंधळ्यासारखी घसरत होते.

"तो खड्डा तुमचाच ना?" त्याने बोट दाखवलं.

लिफ्टला झटका बसला म्हणून बरं. नाहीतर मी त्याला खाली ढकललं असतं.

दुपारी काच परत करायची म्हणून मी त्याला शोधत होते, तर तो आमच्याच वॅक्सच्या खोलीत, स्कीला मेण लावतात तिथे, उभा. शेजारी आत्या. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण आणि आमच्या संघाची कोच. घरी ती मला शेंगदाणे सोलून द्यायची. डोंगरावर पाणी विचारायची नाही, कुणी भाचीचे लाड करते म्हणू नये म्हणून.

"हा आपला नवा टेक्निशियन," ती म्हणाली. "स्कीच्या धारा, वॅक्स, गॉगल, सगळं हा बघेल."

"ओळख झालीय," तो म्हणाला. "लिफ्टवर."

"हिच्याशी ओळख होऊनही धड उभा आहेस, म्हणजे टिकशील."

माझं त्या मोसमात काय पणाला लागलं होतं ते सांगते. संघात पाच जागा. चार ठरलेल्या. पाचवीसाठी मी आणि धाकटी. धाकटी म्हणजे संघातली सगळ्यांत लहान मुलगी, गुडघे लोण्यासारखे मऊ आणि तोंडात चोवीस तास बडबड. आमच्या दोघींत मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत जी पुढे, तिची जागा. मागच्या मोसमात माझ्या गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं होतं. यंदा राहिले असते तर पुढच्या वर्षी मला कुणी बोलावलं नसतं. हे आत्याने कधी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरज नव्हती.

रोज सकाळी तो दाराबाहेर जाऊन उभा राहायचा. टोपी नाही, गॉगल नाही, खिशात हात. डोळे बारीक करून आभाळ बघायचा, मग बर्फावर स्वतःच्या सावलीची कड बघायचा. आत येऊन प्रत्येकीच्या हातात काच ठेवायचा. धाकटीने त्याचं नाव काचवाला ठेवलं, आणि संघात तेच रूढ झालं.

"कडक ऊन, करडी. ऊनसावली, तांबूस. ढग, गुलाबी. बर्फ पडत असेल तर पिवळी," मी एकदा धडा म्हटल्यासारखं म्हटलं. "पाठ झालं. आता तुमची गरज नाही."

"उजेड बघता येतो का?"

"डोळे आहेत मला."

"डोळे आहेत हे बघितलंय मी." एवढं बोलून तो गडबडला आणि उगाच पेटीतल्या काचा पुसायला लागला.

"आणि राग आला असेल तर कोणती लावायची?"

"त्याची काच अजून निघाली नाही. तुमच्यासाठी ऑर्डर दिलीय."

मी त्याच्याशी रोज भांडायचे. त्याने लावलेलं वॅक्स जास्त, बुटांची बक्कलं सैल, हातमोजे वाळवायचे दांडे दारापासून लांब... तो ऐकून घ्यायचा, आणि माझे हातमोजे दुसऱ्या दिवशी दारापाशी असायचे. गरम.

मग एक दिवस निळंभोर आभाळ होतं. करडी काच, कडक बर्फ, स्की म्हणेन तसं ऐकत होती. झाडांखालचं वळण हे त्या उतारावरचं सगळ्यांत वाईट ठिकाण. तिथे मी पूर्ण वेगात शिरले आणि एका पायातल्या स्कीची धार अडकली. पुढचं आठवतं ते आभाळ, बर्फ, आभाळ, आणि बाजूची संरक्षक जाळी. जाळीत मी माशासारखी गुंडाळले गेले होते आणि हसत होते, कारण गुडघा शाबूत होता.

सगळ्यांत आधी तो पोचला. पायात स्की नव्हती. साध्या बुटांनी, कंबरभर बर्फातून धावत आला होता. माझ्या चेहऱ्यावरचा बर्फ त्याने उघड्या हातांनीच काढला.

"लागलं का तुला?"

तोवर आम्ही अहो-जाहो करत होतो. ते तिथे जाळीत संपलं.

"अरे, हसतेय मी."

"हसू नकोस," तो म्हणाला. "जरा वेळ हसू नकोस."

त्या संध्याकाळी वॅक्सच्या खोलीत तो माझ्या स्कीवर इस्त्री फिरवत होता आणि मी खोक्यावर बसून उगाच त्याच्या चुका काढत होते. वितळलेल्या मेणाचा वास, बाहेर अंधारायला आलेलं. त्याने इस्त्री बाजूला ठेवली. माझ्या हातावर खरचटलं होतं तिथे नुसतं बोट ठेवलं.

"हे?"

"जाळीचं."

"दुखतं?"

"तू दाबलंस तर दुखेल."

त्याने दाबलं नाही. बोटही काढलं नाही. मला वाटतं, आमचं ठरलं ते तेव्हा.

आणि दुसऱ्या दिवसापासून मी हळू झाले.

आधी लक्षात आलं नाही. मग वेळ लागायला लागला. एक दिवस थोडा, दुसऱ्या दिवशी जास्त. उतार तोच, बर्फ तोच, पण मला तो खडबडीत दिसायला लागला. प्रत्येक चर दातासारखा पुढे आलेला. प्रत्येक ढेकूळ माझ्याच पायाखाली येणार असं वाटायचं. वळणापाशी पोचायच्या आधीच टाचा आपोआप आवळल्या जायच्या. मी खाली पोचायचे तेव्हा धाकटी पाणी पिऊन, कुणाची तरी नक्कल करून मोकळी झालेली असायची.

पहिले काही दिवस आत्या ओरडली. मग ओरडायची थांबली. ते वाईट लक्षण होतं.

आईला फोन केला. "मला वेगाची भीती वाटायला लागलीय."

"मग सोड ना, बाळा," आई लगेच म्हणाली. तिच्या आवाजात इतकी सुटका होती की मला फोन भिंतीवर मारावासा वाटला. "किती वर्षं झाली, मी तुझी शर्यत असली की घास गिळत नाही. ये घरी."

एक माणूस होता ज्याच्याजवळ मी हे नीट बोलू शकत होते. मी वॅक्सच्या खोलीत जाऊन त्याच खोक्यावर बसले.

"माझं संपलं बहुतेक," मी म्हणाले. "मला भीती बसलीय. डोळ्यांतच बसलीय. नको ते सगळं दिसतं."

त्याची इस्त्री जागच्या जागी थांबली. मेणातून धूर निघाला तरी तो हलला नाही.

"जळतंय," मी म्हणाले.

त्याने इस्त्री उचलली. मग हळूच म्हणाला, "थोडं हळू गेलं तर काय बिघडतं?"

मी रडले. त्याच्या जाकिटात तोंड खुपसून पोटभर रडले. तो माझ्या पाठीवर हात फिरवत राहिला... फार मायेने.

शर्यतीला आठवडा राहिला होता तेव्हा माझ्या गॉगलचा पट्टा तुटला. वर, जिथून शर्यत सुटते त्या टपरीतच. माझी पाळी आलेली. धाकटी नुकतीच सराव करून पुन्हा वर आली होती. तिने स्वतःचा गॉगल काढून माझ्या हातात कोंबला.

"घे. माझी फेरी झालीय. शिंकू नकोस फक्त त्यात."

मी निघाले. आणि तिसऱ्या गेटपाशी, म्हणजे वाटेवर रोवलेल्या काठ्यांच्या तिसऱ्या जोडीपाशी, मला कळेना की डोंगराला काय झालंय. चर होते, पण दबलेले. ढेकळं होती, पण ती ढेकळांएवढीच. कुणी तरी रात्रीतून उतारावर हात फिरवून तो गुळगुळीत केल्यासारखा. टाचा आवळल्या गेल्या नाहीत. वळण आलं, गेलं, आणि मी वळणाच्या पलीकडे होते. खाली पोचले तेव्हा आत्याने घड्याळ बघितलं, कानाला लावलं, पुन्हा बघितलं.

"हे काय होतं?"

मी कुंपणाशी जाऊन खिशातला माझा तुटका गॉगल काढला. त्याची काच काढली, धाकटीच्या गॉगलची काढली, दोन्ही शेजारी शेजारी बर्फासमोर धरल्या. बाहेरून दोन्हींवर तोच निळसर आरसा. आतून तिची करडी. माझी तांबूस.

वर आभाळात चिमूटभर ढग नव्हता. त्या दिवशी नव्हता, आदल्या दिवशी नव्हता. "आज हवा जरा धूसर आहे, तांबूस लाव," असं तो रोज म्हणायचा. मी लावायचे. ज्याच्या जाकिटात आपण रडतो, त्याने दिलेली काच कोण तपासून घेतं?

मी दोन्ही काचा त्याच्या टेबलावर आपटल्या.

"आज आभाळात काय होतं?"

त्याने दोन्ही काचा सरळ करून ठेवल्या.

"मी विचारतेय. ढग होते? धुकं होतं?"

"नव्हतं."

"काल?"

"नव्हतं."

"त्याच्या आधी?"

"तू जाळीत गेलीस त्या दिवसापासून एकदाही नव्हतं," तो म्हणाला.

मी खोटं ऐकायची तयारी करून आले होते. सगळा दारूगोळा त्यासाठी होता. हे उत्तर सरळच आलं.

"मग तांबूस का?"

"तिच्यातून चर उठून दिसतात. कडक उन्हात तर फारच. दिसले की माणूस वेग कमी करतो. आपोआप."

"आपोआप."

"मी धावत येत होतो तेव्हा तू हलत नव्हतीस. मग हसलीस. पण मधला वेळ... तो मला परत नको होता."

"म्हणून माझ्या डोळ्यांशी खेळलात तुम्ही."

'तुम्ही' ऐकून त्याने मान वर केली. केली तर केली.

"घोड्याला झापडं लावतात ती कमी दिसावं म्हणून," मी म्हणाले. "तुम्ही मला जास्त दाखवून घाबरवलंत. मी इथे बसून रडले. या खोक्यावर. म्हणाले, माझं संपलं. तेव्हा तुमच्या तोंडात काय होतं?"

"मला वाटलं, शर्यत झाली की सांगेन."

"काय सांगणार होतात? की बरं झालं हरलीस, हाडं तरी शाबूत राहिली?"

"हो."

"काय?"

"साधारण हेच सांगणार होतो."

माझ्या हाताशी मेणाची वडी होती. ती मी फेकली. त्याला नाही, भिंतीला. तिचे तुकडे झाले आणि तो वाकून ते गोळा करायला लागला, त्याने तर मी आणखी भडकले.

"राहू द्या ते. इकडे बघा. आई म्हणाली, सोड. पण ती तोंडावर म्हणाली. तिच्याशी भांडता येतं. तुम्ही मला माझ्याशीच भांडायला लावलंत. रात्ररात्र मी स्वतःला भित्री म्हणून शिव्या देत होते, आणि खरं घाबरलं होतं कोण? तुम्ही."

"मी घाबरूही नको का?"

"घाबरा की. तुमच्या डोळ्यांनी घाबरा. माझे कशाला वापरता?"

उत्तरासाठी मी थांबले नाही. मी करडी काच उचलली, तांबूस तिथेच ठेवली आणि दार इतकं जोरात लावलं की बाहेर छपरावरचा बर्फ माझ्याच डोक्यावर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने मला बाजूला घेतलं.

"काचवाला काल येऊन सगळं सांगून गेला. स्वतःहून. काढून टाकू त्याला?"

"कोच म्हणून विचारतेस की आत्या म्हणून?"

"कोच म्हणून. आत्या म्हणून जे बोलायचं ते मी त्याला बोलून घेतलंय. कान लाल आहेत अजून त्याचे."

मी बुटाचं बक्कल लावत राहिले. ते आधीच लागलेलं होतं.

"राहू दे."

"का?"

"काढलंस तर तो सुटेल."

आत्याने माझा हात बक्कलवरून बाजूला केला. "राग वेगळाच दिसतोय तुझा."

"साधाच आहे."

"बरं," ती म्हणाली. तिच्या 'बरं'मध्ये आमचं अख्खं घराणं हसत होतं.

पुढचे दिवस माझी काच मी निवडली. तो सकाळी तसाच दाराबाहेर जाऊन उभा राहायचा. बाकीच्यांना काचा द्यायचा, माझ्यासमोर पेटी उघडी ठेवून बाजूला व्हायचा. मी आभाळ बघायचे, सावलीची कड बघायचे, उचलायचे. माझा वेग परत आला. राग मात्र जागचा हलला नाही. तो समोर दिसला की यायचा, आणि दिसला नाही की जास्त यायचा.

"तुम्ही दोघं भांडलात," जेवताना धाकटी म्हणाली, "की लग्न करून मोकळे झालात? दोन्हीत असंच दिसतं."

"गप्प बस आणि सूप पी."

"म्हणजे लग्न."

शर्यतीच्या दिवशी सकाळ स्वच्छ होती. मी करडी लावली. धाकटीचा नंबर पहिल्या काहींत होता. ती उन्हात निघाली, उन्हात पोचली, आणि वर टपरीत तिची वेळ ऐकू आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. इतकी चांगली होती.

माझा नंबर बराच मागे होता. आणि मधल्या वेळात कड्यामागून ढग सरकत आला. वर, आमच्यावर, अजून लख्ख ऊन. खाली अर्ध्या उतारापासून सगळं पुसलेलं. झाडांखालचं वळण होतं की नव्हतं, सांगता येईना. माझ्या आधीच्या दोघी तिथे गेल्या आणि दोघीही चाचपडल्या, असं टपरीत ऐकू आलं. एक तर थांबलीच.

तो टपरीच्या कोपऱ्यात पेटी घेऊन उभा होता. शर्यतीला टेक्निशियन वर लागतोच, म्हणून आला होता. माझ्याकडे बघत नव्हता.

माझ्यापुढे आता एकच जण होती. मी गॉगल कपाळावर सरकवला.

"सांगा."

तो दचकला. "काय?"

"कोणती लावू?"

"माझं ऐकशील?"

"ते माझं मी बघेन. तुम्ही सांगा."

त्याने आभाळ बघितलं नाही. ते त्याने सकाळपासून बघूनच ठेवलं असणार. "गुलाबी."

मी हसले. चांगलं हसू नव्हतं ते. "म्हणजे पुन्हा तेच. जास्त दिसणारी."

"हो, पुन्हा तेच," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. इतक्या दिवसांत मी त्याला चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "मला कळत नाही असं वाटतं का तुला? खोटं बोललो तेव्हाही जास्त दिसणारी दिली, आणि आज खरं बोलायची वेळ आली तर तेच तोंडातून निघतंय. मी तुझ्या जागी असतो तर ऐकलं नसतं. पण खाली सावली नाहीये. करडी लावून त्या वळणात गेलीस तर पायाखाली जमीन आहे की नाही तेही दिसणार नाही."

"आणि वर?"

"वर गुलाबीतून डोळे दिपतील. पहिली काही गेट वाईट जातील."

"तांबूस?"

"तांबूस दोन्हीकडे अर्धीच. ती तुला पाडणार नाही. हरवेल." त्याने पेटीतून गुलाबी काच काढली. माझ्या हातात दिली नाही, नुसती धरून ठेवली. "दोन्हीकडे चालेल अशी काच माझ्याकडे नाही. असती तर केव्हाच दिली असती."

पुढची मुलगी निघाली. टपरीतला माणूस माझा नंबर पुकारायला लागला.

"गुलाबी लावली की मी हळू जाईन?" मी विचारलं.

"वर डोळे बारीक कर आणि जोर लाव, दिसो न दिसो. खाली बाकीच्या चाचपडल्या तिथे तुला दिसेल. तिथे..." तो थांबला. "तिथे सोड स्वतःला. वळणात आवरू नकोस."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पेटीवरची बोटंही. ज्या वळणापासून मला वाचवायला तो इतके दिवस उन्हातान्हात खोटं बोलला, त्याच वळणात मला पूर्ण वेगाने जायला सांगत होता, आणि ते सांगताना उभा राहणं त्याला जड जात होतं.

मी करडी काच काढून त्याच्या हातात दिली. गुलाबी घेतली. टक्.

वरचं ऊन सुईसारखं घुसलं. पहिली गेट मी जवळजवळ अंदाजाने घेतली, डोळ्यांतून पाणी, दात आवळलेले, आणि मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. मग सावलीची रेघ आली. मी तिच्यात शिरले आणि पाणी थांबलं. सगळं दिसायला लागलं. चर, ढेकळं, आधीच्या मुलींनी वळणात खणलेली खोल वाट. घाबरण्यासारखं सगळं होतं तिथे. मी बघितलं, आणि आवरलं नाही.

खाली थांबले तेव्हा फळ्यावरचे आकडे मला वाचता येईनात. धाकटीने वाचले. ती आली, मला मिठी मारली आणि नाक ओढत म्हणाली, "एक पापणी लवायच्या आत हरले मी. पुढच्या वर्षी तुला बघतेच."

"बघ."

"गॉगल परत दे माझा. त्या दिवसापासून तुझ्याकडेच आहे. त्याचाच पायगुण दिसतो."

आत्या आली. "पाचवी जागा तुझी," ती कोचच्या आवाजात म्हणाली. मग कडेने जाताना, दुसऱ्या आवाजात, "वळणात मी डोळे मिटले होते. तुझ्या बापाला सांगू नकोस."

लोक पांगले. मी कुंपणापाशी उभी राहिले. कुणाची वाट बघत नव्हते, असं कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

तो लिफ्टने खाली आला. पेटी हातात, चाल अशी की जणू डोंगर त्यानेच उतरला होता. माझ्यापासून चार पावलांवर थांबला. फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पेटी खाली ठेवली आणि हात खिशात घातले.

"मला अजून राग आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"आज खरं बोललात म्हणून मागचं मिटलं असं नाही."

"नाही मिटलं."

"पुन्हा भीती वाटली तर तोंडाने सांगायचं. माझ्या तोंडावर. मी ऐकेन, भांडेन, आणि मग मला जायचं तिथे जाईन."

"सांगेन."

"वर वाटत होती?"

"तू दिसेनाशी झालीस तेव्हा खाली बसलो. टपरीतल्या माणसाने पाणी दिलं."

मला हसू आलं. ते मी आवरलं नाही. "आणि आत्ता?"

"आत्ताही वाटतेय."

"आता कशाची? शर्यत संपली."

तो बुटाने बर्फ उकरायला लागला. "तू त्या दिवसापासून मला अहो-जाहो करतेस. ते कायमचं असेल याची."

बर्फ पडायला लागला होता. बारीक, पिठासारखा. त्याच्या भुवयांवर बसत होता आणि तो तो झटकत नव्हता. माझे पाय त्याच वेळी थरथरायला लागले... शर्यत संपल्यावर कधी कधी होतं तसं, गुडघ्यांपासून खाली. त्याला ते दिसलं. मला कळलं की दिसलं, कारण त्याचा खांदा पुढे झाला, आणि मग त्याने तो मागे घेतला. हात खिशातच राहिले. तो नुसता बघत उभा राहिला, आणि ते त्याला किती जड जात होतं तेही मला दिसलं.

"राग किती दिवस राहील सांगता येत नाही," मी म्हणाले.

"मी आहे."

"बराच राहील."

"असू दे."

"मग उभा काय आहेस?" मी म्हणाले. "हात दे. पडेन मी."